जरा शेजारी जाऊन येते

"जरा शेजारी जाऊन येते हं ताई," असं म्हणून सिस्टर घराची किल्ली माझ्या हातात ठेवायच्या आणि तीन महिने गायब व्हायच्या.

आता तुम्हीच सांगा, शेजारी म्हणजे काय? वाटीभर साखर मागायला जातो ते शेजारी. दार उघडं टाकून, पायात चप्पलसुद्धा न घालता जातो ते. या बाईचे शेजारी आफ्रिकेत होते! मलावी नावाचा देश. आधी मुंबईहून एक विमान, मग दुसरं विमान, मग दिवसभर जीप. तिथे एका मिशनच्या दवाखान्यात त्या बाळंतिणींची सेवा करायला जायच्या, फुकट. आणि तोंडाने म्हणायचं काय, तर जरा शेजारी जाऊन येते.

मला ते पहिल्यापासून खटकलं. फुकट कोणी काही करत नाही, निदान आमच्या जेल रोडवर तरी नाही.

हो, आमचा पत्ता जेल रोड. नाशिकरोडला. बाहेरगावचे लोक ऐकून हसतात, हसू देत. खाली रस्त्याला लागून माझं लेडीज टेलरिंगचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर घर आणि समोरच्या दारात सिस्टर. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मूळच्या घोटीकडच्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या, केसांचा एवढासा अंबाडा. लग्न केलं नव्हतं. बोलणं एकदम गावाकडचं, "हाय" आणि "नाय". राहायला आल्या त्याच दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी ख्रिस्ती हाय. आधीच सांगून ठेवते, मग कुणाला वाटायला नको की लपवलं." मी मनात म्हटलं, न विचारता सांगते म्हणजे नक्कीच दुसरं काहीतरी लपवत असणार.

मी संशयी आहे, कबूल. पण माझ्या धंद्यात माणूस संशयी होतोच. टेप कमरेला लावला की बाई श्वास आत ओढून घेते आणि महिन्याभराने ब्लाऊज घट्ट शिवला म्हणून माझ्याशीच भांडते. पंचवीस वर्षं हेच बघतेय. खरं माप कोणी देत नाही.

तर मी सिस्टरांचं माप घ्यायचं ठरवलं.

आम्ही त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे पेढ्याचा प्रसाद घेऊन गेले. बघू तरी काय करतात. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाल्या, "ताई, मी खात नाय. पण टाकणार बी नाय. खालच्या वॉचमनला देते, चालंल?" आणि माझ्यादेखत जिना उतरून देऊन आल्या. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "बघा! नाही खाल्ला." हे म्हणाले, "अगं, खरं सांगितलं की तिनं. खाल्ला असता तर म्हणाली असतीस, नाटक करते." ह्यांचं असंच. ह्यांना सगळं जग सरळ दिसतं.

पुढे ह्यांच्याच पायाला जखम झाली. साखर आहे, जखम भरेना. सिस्टर रोज सकाळी येऊन ड्रेसिंग करायला लागल्या. मी शेजारी उभी, नजर ठेवून. एक दिवस मला दिसलं की पट्टी सोडताना त्यांनी घट्ट डोळे मिटून घेतले. झालं! मी लगेच विचारलं, "सिस्टर, डोळे कशाला मिटलेत? काही म्हणत होता का?"

"नाय वो ताई," त्या म्हणाल्या, "वास येतोय तुमच्या मालकांच्या पायाला."

हे इतके हसले की पाय हलला. दीड महिन्यात जखम भरली. मी साडी द्यायला गेले तर घेईनात. म्हणाल्या, "त्यापरीस मला झबली शिवून द्या." आणि तिथून माझा संशय खऱ्या अर्थाने सुरू झाला.

झबली किती? चाळीस! ज्या बाईला मूल नाही, बाळ नाही, तिला चाळीस झबली! आणि मापं अशी की मी पुन्हा पुन्हा विचारलं. आपल्याकडे बारशाला शिवतो त्याच्या निम्मी. मूठभर जिवाला बसतील एवढी. पुढून उघडी, बटणाऐवजी नाड्या. बरं, झबली एक वेळ समजू शकते. त्याबरोबर वीस पट्टे. मऊ सुती कापडाचे, हातभर रुंद, छातीला गुंडाळून मागे बांधायचे. आणि मधोमध आतल्या बाजूने खोबण, दोन ओंजळी मावतील एवढी.

"खोबण कशाला?" मी विचारलं.

"ठेवायला," म्हणाल्या.

"काय ठेवायला?"

"तिकडं जे यील ते," असं म्हणून हसल्या. घाईत होत्या, गेल्या निघून.

टीव्हीवर बघितलं होतं की मी, विमानतळावर पकडलेल्या बायका असेच पट्टे अंगाला बांधून सोनं आणतात. पट्टे शिवले, पण शिवताना प्रत्येक खोबणीत बोट घालून बघत होते. जणू मीच ठेवलेलं सोनं मला सापडणार होतं.

त्यात रविवारची भानगड. रविवारी दुपारी त्यांच्याकडे पाच-सहा बायका यायच्या. गाणी म्हणायच्या. साध्या बायका, कोणी शाळेत शिपाई, कोणी धुणीभांडी करणारी. गाणी झाली की एकजण बोलायची आणि बोलता बोलता रडायची. सिस्टर आदल्या दिवशी मला सांगायच्या, "उद्या जरा आवाज होईल ताई, साक्ष हाय."

साक्ष! मला आधी वाटलं कोर्टाचं काहीतरी आहे. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. ते सगळ्यातलं सगळं जाणतात, म्हणजे असं त्यांना वाटतं. ते आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, साक्ष म्हणजे त्यांच्यात धर्म बदलल्याची कबुली. सगळ्यांसमोर द्यायची. एकदा दिली की झालं, मागे येता येत नाही." नंतर कळलं की साक्ष म्हणजे आपल्यावर काय बेतलं आणि देवाने त्यातून कसं काढलं, ते चारचौघांत सांगणं. बस, एवढंच. पण ते नंतर. तोवर सेक्रेटरींचा शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसलेला.

आणि अशात एका सकाळी सिस्टर दुकानात आल्या. मी एका गिऱ्हाइकाची बाही मशीनवर जोडत होते. त्या म्हणाल्या, "ताई, एक काम व्हतं. माझ्यासाठी साक्ष द्याल का? दोन लागतात. एक मिळाली, दुसरी तुमची. सही आन आधार कार्डाची झेरॉक्स. बाकी काय नाय."

मी मशीन थांबवलं. सही? आधार कार्ड? म्हणजे कागदोपत्री बाटवणार मला! मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "सिस्टर, आमच्यात नाही चालत असलं काही. तुम्ही आमच्या ह्यांचा पाय बरा केलात, उपकार आहेत, पण त्याची अशी परतफेड मागू नका."

त्यांना काही समजलं नाही, हे मला आज समजतं. मग म्हणाल्या, "बरं ताई. मनाविरुद्ध नको." आणि गेल्या.

आठवड्याने दुकानात एक पोलीस आला. शिपाईच होता, चांगला बोलणारा. सिस्टर घरी नव्हत्या. त्याने विचारलं, वरच्या मजल्यावर अमुक बाई राहतात का, त्यांची काही चौकशी आहे, कशा आहेत. पोलीस दारात आला म्हटल्यावर मला वाटलं, सापडलं! आपला अंदाज खरा ठरला! मी म्हटलं, "साहेब, राहतात. पण वर्षातून तीन महिने परदेशात असतात. काय करतात, देव जाणे. लहान मुलांचे कपडे नेतात, पण मूलबाळ नाही. आणि छातीला बांधायचे पट्टे शिवून घेतात, आत चोरखिसा असलेले."

"चोरखिसा?" त्याने विचारलं आणि लिहून घेतलं.

त्या रात्री मला छान झोप लागली, हे खोटं कशाला सांगू?

महिना गेला. सिस्टरांची जायची वेळ उलटून गेली, तरी त्या इथेच. दोनदा पासपोर्ट ऑफिसला जाऊन आल्या म्हणे. मग एक दिवस दुपारी दुकानात आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "ताई, उरलेले पट्टे शिवून झाले असतील तर द्या. मी नाय जाऊ शकले तरी कुणाच्या हाती पाठवते."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मला राहवेना. मी सरळ विचारलं, "सिस्टर, एकदा खरं सांगा. या खोबणीत काय लपवता?"

त्या अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या पिशवीत घोटीहून भाच्याने आणलेला तांदूळ होता. त्यातला त्यांनी अदमासे दीड किलो एका फडक्यात बांधला. म्हणाल्या, "उठा. पदर बाजूला घ्या." ते गाठोडं त्यांनी माझ्या छातीवर ठेवलं, वरून पट्टा गुंडाळला, खोबण बरोबर गाठोड्यावर बसवली आणि मागे नाड्या करकचून बांधल्या.

"आता श्वास घ्या," म्हणाल्या.

मी श्वास घेतला. गाठोडं माझ्याबरोबर वर आलं, माझ्याबरोबर खाली गेलं.

"एवढंच असतं वजन, दिवस भरायच्या आधी आलेल्या लेकराचं. कधी याच्याबी निम्मं. इकडं काचंची पेटी असती ठेवायला. तिकडं दवाखान्यात लाईट नाय, पेटी कुठली? मग आईच पेटी. उघड्या अंगाला उघडं लेकरू. तिची ऊब त्याला, तिचा श्वास त्याला. दिवस-रात बांधून ठेवायचं. मी इकडं पाड्यांवर फडक्यानं बांधायचे, पण फडकं सुटतं. म्हणून तुमच्याकडनं खोबणीचं शिवून घेतलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या आजीला अशीच एका परदेशी नर्सबाईनं वाढवली. दुष्काळात आईबाप गेलेली पोर. ती बाई समुद्रापलीकडून आलेली, पण आजीला म्हणायची, मी तुझी शेजारीण. तवापासून आमच्या घरात शेजारी म्हणजे तेच."

मी तशीच उभी. छातीवर तांदूळ.

"तिकडं एक चिसोमो म्हणून हाय," त्या सांगत होत्या. "दोन लेकरं गेली तिची, दोन्ही आधीच आली म्हणून. आता तिसऱ्यांदा सातवा चाललाय. मागल्या खेपेला मी निघताना माझा हात धरून म्हणाली, पुढच्या वेळी तू असशील ना? मी म्हणाले, असंन. आता पासपोर्ट संपला, नवा निघंना. साक्ष नाय मिळाली ना."

"साक्ष?" मी म्हटलं. "साक्षीचा आणि पासपोर्टचा काय संबंध?"

"म्हणजे? दोन शेजाऱ्यांची साक्ष लागती की ताई, पोलिसांच्या चौकशीला. मी तुमच्याकडं तीच मागत व्हते."

आमच्या मुलाचा पासपोर्ट काढला तेव्हा सगळं ह्यांनीच केलं होतं, मला कधी कळलं नाही की त्याला शेजाऱ्यांची सही लागते. आणि मी काय समजून बसले होते!

सिस्टर माझ्या पाठीमागे जाऊन नाड्या सोडत होत्या. म्हणाल्या, "आन त्यात पोलिसाला कुणीतरी पट्ट्यांचं सांगितलं. चोरखिसा म्हणून. कागदच अडकला मग. असंल कुणी, त्याला वाटलं असंल तसं."

पट्टे माहीत असलेली आमच्या बिल्डिंगमध्ये एकटी मीच होते. हे त्यांनाही माहीत होतं. गाठ सोडायला त्यांना बराच वेळ लागला. त्या पाठीमागे होत्या, त्यांचा चेहरा मला दिसला नाही आणि मी वळूनही बघितलं नाही. तांदूळ पिशवीत टाकून, "येते ताई," म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधार कार्ड आणि एक पट्टा घेऊन पोलीस स्टेशनला गेले. तोच शिपाई होता. म्हणाला, "ताई, त्या दिवशी तर तुम्ही वेगळं बोललात."

"चुकले," मी म्हटलं. "हा बघा तुमचा चोरखिसा." आणि तिथे टेबलाजवळ सगळ्यांसमोर त्यांचीच पाण्याची बाटली छातीवर ठेवून पट्टा बांधून दाखवला. एक महिला पोलीस होती, ती तेवढी हसली नाही. ती जवळ येऊन खोबण हाताने चाचपून बघत राहिली.

शिपायाने कागद पुढे ओढला. "या बाईंना किती वर्षांपासून ओळखता?"

"सहा वर्षं समोर राहतात," मी म्हटलं. "ओळखते कालपासून."

"तसं नाही लिहिता येत," तो म्हणाला आणि त्याने सहा वर्षं लिहिलं. मी सही केली.

पण एकदा वाकडा गेलेला कागद सरळ व्हायला वेळ लागतो. फेरचौकशी, वरच्या साहेबांची सही, मग पुन्हा नाशिकहून मुंबई. पाच आठवडे. मी रोज सकाळी त्यांच्या दारात, "आला का?" त्या म्हणायच्या, "यील." शेवटी आला. त्या दुसऱ्याच दिवशी निघाल्या. मी रात्रंदिवस बसून शिवलेले तीस पट्टे त्यांच्या बॅगेत कोंबले.

चार महिन्यांनी परत आल्या त्या काठीसारख्या वाळून. मी बॅग खाली ठेवू दिली नाही. "चिसोमोचं बाळ?"

"आलं व्हतं," म्हणाल्या. आणि चहा टाकायला आत गेल्या.

आलं व्हतं. आता बघा, माझ्यासारखी बाई. कपड्याच्या एका टाक्यावरून शिंपी ओळखणारी. मला त्यातला "व्हतं" ऐकू आला नसेल? आला. लख्ख आला. पण आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे विचारलं नाही. भीती वाटली मला. मी मनाला सांगितलं, त्यांची बोलीच तशी आहे, त्या सगळ्यालाच व्हतं म्हणतात. पुढे दोन वर्षं आम्ही रोज भेटलो. पट्टे शिवले, एकमेकींकडे जेवलो, ह्यांच्या पायावर विनोद केले. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. सगळ्या जगाबद्दल संशय घेणारी मी, आणि खरा संशय आला तो असा गिळून बसले.

यंदा त्या गेल्या त्या परत आल्या नाहीत. तिथेच ताप आला, पाच दिवसांत संपल्या. तिथल्याच मातीत पुरलं.

त्यांचा भाचा घर आवरायला घोटीहून आला. गुणी आहे, कॉलेजात शिकवतो. एका दुपारी त्याने मला हाक मारली. "काकू, या. तिकडच्या दवाखान्यातले लोक आत्याच्या आठवणी सांगतायत. व्हिडिओ कॉल आहे."

मी त्यांच्या रिकाम्या खोलीत खाली बसले. फोनवर एक झाड, झाडाखाली पुष्कळ बायका, रंगीबेरंगी कापडं गुंडाळलेल्या. एकेक उठून बोलायची. तिथली एक नर्स इंग्रजीत सांगायची आणि भाचा मला मराठीत. कोणी आपलं पोर उंच धरून दाखवायची. मी हसत होते, रडत होते.

मग एक उंच, सडपातळ बाई उठली. तिच्या हातात पोर नव्हतं. भाचा म्हणाला, "ही चिसोमो."

ती फार बोलली नाही. भाचा सांगत गेला. "ती म्हणतेय, माझं बाळ दोन दिवस जगलं. आत्या त्यानंतर नवव्या दिवशी पोचली. मी तिच्यावर फार रागावले. म्हटलं, तू कबूल केलं होतंस. तर ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, माझ्या कागदात चूक झाली, माझ्याच हातून झाली, मला माफ कर. मी माफ केलं."

खोलीत पंखा फिरत होता. भाच्याला काही माहीत नव्हतं. तो फोन माझ्याकडे वळवत म्हणाला, "काकू, तुम्ही पण दोन शब्द बोला ना. इथल्या शेजारी म्हणून. मी सांगतो त्यांना."

वाटलं, म्हणावं, फार चांगल्या होत्या. संपलं असतं. पण ती बाई अजून उभीच होती, फोनकडे बघत.

"तिला सांग," मी म्हटलं, "चूक सिस्टरांची नव्हती. माझी होती. पोलिसाला खोटंनाटं मी सांगितलं. म्हणून त्यांना उशीर झाला."

"काकू..."

"सांग तिला."

त्याने सांगितलं, हळूहळू, अडखळत. तिकडच्या नर्सने तिच्या भाषेत सांगितलं. चिसोमोने सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, एकटक बघितलं. मग वळली आणि झाडाखालच्या बायकांमधून वाट काढत निघून गेली. तिची पाठ दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली.

मी फोन घट्ट धरून बसले. वाटलं, परत येईल. दुसरी बाई उठून बोलायला लागली, भाचा मला सांगत होता, मला काही ऐकू येत नव्हतं. मी त्या गर्दीत कोणी उठतंय का ते बघत होते. सिस्टर असत्या तर बोलणारीचं बोलणं अर्ध्यात सोडून, चप्पलसुद्धा न घालता, तिच्यामागे गेल्या असत्या. कोणी उठलं नाही.